सीलरचं गोत्र

"लाकूड असो की माणूस, भाऊ, वरची चमक दोन दिवसांची. खरं सगळं खालच्या थरावर ठरतं. पाया पक्का असेल, तर काळसुद्धा त्याच्यापुढं हात टेकतो!"

हे मी एका सागवानी पृष्ठभागावरून प्रेमानं तळवा फिरवत म्हणालो. भाऊ गणपुले चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं. एवढंच नव्हे, वाक्यानंतर जी एक भारदस्त शांतता लागते, तीही पुरी होऊ दिली.

"ती बाबलची जेवायची फळी," मग ते म्हणाले. "दार पलीकडं आहे."

दार खरोखरच पलीकडं होतं. अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवं निजवलं होतं आणि शेजारी बाबल मिस्त्री उकिडवे बसून पॉलिश पेपरानं ते घासत होते. मी फळीवरचा हात शक्य तितक्या नैसर्गिकपणे उचलला आणि दाराकडं वळलो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. रंगाच्या एका कंपनीच्या कोल्हापूर शाखेत तांत्रिक विक्री प्रतिनिधी होतो. तांत्रिक अशासाठी, की मी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो. विक्री अशासाठी, की दुसऱ्या वर्गात पदवीधर होतो.

कुडाळला भाऊंनी नवं घर बांधलं होतं. भाऊ मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी चार गुंठे घेतले होते, आणि ते रोज सकाळी एकदा मोजून घेतल्याशिवाय चहा पीत नसत, असं त्यांच्या घरातच सांगत. शुक्रवारी वास्तुशांत होती. तो दिवस मंगळवार. सगळं घर तयार होतं, फक्त पुढचं दार चौकटीत बसायचं होतं, आणि त्याला आमच्या कंपनीचं नवं पीयू पॉलिश मारून द्यायला मी कोल्हापूरहून जातीनं आलो होतो.

एका दारासाठी. लाल गाडीनं. रजा टाकून.

कारण भाऊंची मुलगी वृंदा तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होती. दौऱ्यावर कुडाळला मुक्काम पडला की मी वाचनालयात जायचो. चार महिन्यांत मी कोळंबीसंवर्धनावरची सगळी पुस्तकं वाचून काढली, कारण ते कपाट तिच्या टेबलाला लागून होतं. पाचव्या महिन्यात तिनंच विचारलं, "तुम्हांला कोळंबीत खरंच एवढा रस आहे का?" मी नाही म्हणालो. बाकीचं मग आपोआप ठरलं.

आपोआप ठरलं नव्हतं ते एवढंच, की भाऊंना कसं सांगायचं. त्यात एक मेख होती. मी गांगल, ते गणपुले. दोघंही शांडिल्य गोत्राचे. आमच्यात एका गोत्रात लग्न करत नाहीत. एक गोत्र म्हणजे भाऊबंद, आणि मुलगी म्हणजे हिशोबानं बहीणच. कुठल्या आडनावाचं गोत्र कुठलं, हे भाऊंना पाढ्यांसारखं पाठ होतं.

"तू दाराच्या निमित्तानं ये," वृंदानं सांगून ठेवलं होतं. "दार चांगलं झालं की भाऊ खूश असतील. वास्तुशांतीचं जेवण होऊ दे. मठ्ठा संपायच्या आत मी विषय काढते. तोपर्यंत फक्त आडनाव सांगू नकोस."

"विचारलं तर?"

"खोक."

त्यामुळे त्या घरात मला आडनाव नव्हतं. आल्या आल्या भाऊंनी "आपण...?" म्हणताच मी असा काही खोकलो, की वृंदाच्या आई आतून पाणी घेऊन आल्या. तेव्हापासून भाऊ मला 'कंपनी' म्हणत. "काय कंपनी, चहा घेणार?" "कंपनी, उन्हात उभे राहू नका."

दार मात्र सुंदर होतं. जुन्या सागाचं, एका अंगाची रेघ दुसऱ्या अंगाला मिळवून घेतलेलं. मी हात फिरवला, या वेळी बरोबर जागी. लागलं कुठंच नाही.

"सीलर मारून झाला वाटतं?" मी विचारलं.

"कालच दोन हात मारलंय," बाबल मिस्त्री म्हणाले. "घासून घेतलंय. गालार हात फिरवल्यासारखा लागात."

बाबल मिस्त्री सावंतवाडीच्या चितारआळीतले. साठीला आलेले, हातांची बोटं लाखेनं कायमची तांबूस झालेली. लाकडाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, ती बुजवायला आधी सीलर मारतात, मग तो घासून सपाट करतात आणि वर पॉलिश. हे त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. मी त्यांना ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सीलर कोणता, कुठला, कशात बनलेला, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. सीलर म्हणजे सीलर, असं माझं तेव्हाचं रसायनशास्त्र होतं.

मी आधी पार्सलनं पाठवलेले पीयूचे दोन डबे उघडले, मापानं एकत्र केले, थिनर घातला. "आता सहा तासांत वापरायला हवं," मी जाहीर केलं. "नाहीतर डब्यातच दगड होतो." भाऊंनी घड्याळ बघून वेळ वहीत लिहून ठेवली आणि ते मागच्या कुंपणाकडं काहीतरी मोजायला गेले.

तेवढ्यात वृंदा चहा घेऊन आली. मला कप देताना म्हणाली, "साखर बरोबर आहे का, कंपनी?" आणि गंभीर चेहऱ्यानं आत गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो असेन. किती वेळ, ते सांगता येणार नाही. चहावर साय आली होती.

वळून बघतो तर बाबल मिस्त्री माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी घराकडं बघितलं, मागच्या कुंपणाकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सायब, एक इचारू? रागावचास नाय मां?"

"विचारा की."

"ह्या दोघांचा जमतला मां?"

मी कप खाली ठेवला. "कोणा दोघांचं?"

"आता माकाच इचारतास?" ते हसले. "एक हयसरचा, एक तुमच्या कोल्हापूरचा. दोघांचीय घराणी येगळी. म्हणान म्हटलंय, आधी इचारून घेतलेला बरा. मागसून रडान उपयोग नाय."

वृंदानं सांगितलं असेल का यांना? का माझ्या चेहऱ्यावर सगळं छापलं होतं?

"तुम्हांला कसं कळलं?" मी विचारलं.

"चाळीस वर्सां हेच करतंय मां मी. वासार कळता." आणि मग ते आणखी जवळ सरकले. "एकच सांगा. गोत्र एक आसा काय?"

गोत्रापर्यंत पोचलेल्या माणसाशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी पुन्हा कुंपणाकडं बघितलं.

"एकच आहे," मी कुजबुजलो. "पण भाऊंना कळता कामा नये."

मला वाटलं, ते कपाळाला हात लावतील. निदान "अरेरे" म्हणतील. बाबल मिस्त्रींच्या तोंडावर उजेड पडला.

"एकच आसा? मगे भिया कसला!" ते म्हणाले. "माका उगाच घोर लागलो होतो. गोत्र एक म्हटल्यार काय बघूकच नको. जल्मभर सुटाचा नाय!"

"तुम्हांला यात काही वावगं वाटत नाही?"

"वावगा कसला? गोत्र येगळा असता तर हातच लावलंय नसतंय मी."

मी थक्क झालो. एवढा पुढारलेला माणूस मी कोल्हापुरातही पाहिला नव्हता.

"पण भाऊ..." मी म्हणालो.

"भाऊंका कित्याक सांगूचा? त्येंका काय कळता त्यातला? झाला की दाखवूया. बघून खूश होतले." त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून उठत धोतर झटकलं. "तुमी आत जावा. मी आताच लावून टाकतंय."

"आताच? लावून?"

"मगे मुहूर्त बघूचो काय?"

मी आत गेलो. पाय आपोआप चालत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी वृंदा तांदूळ निवडत बसली होती. तिच्या आई आत परातीवर काहीतरी आपटत होत्या.

"मिस्त्रींना सगळं माहीत आहे," मी हळूच सांगितलं.

"काय सगळं?"

"आपलं. त्यांनी सरळ गोत्रच विचारलं."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "कोण, बाबल?"

"ते म्हणाले, एकच असेल तर उत्तम. जन्मभर सुटणार नाही."

"बाबल असं म्हणाला? त्याच्या स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यानं साठ पत्रिका परत पाठवल्यात."

"वेगळं असतं तर हातच लावला नसता, म्हणाले. आणि आता लावूनच टाकतो म्हणाले."

"काय लावून टाकतो?"

मी विचार केला. "ते विचारायचं राहिलं."

वृंदा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत राहिली, ती पुढं संसारात मला पुष्कळ वेळा बघायला मिळाली. पण पहिल्यांदा बघितली ती तिथं. ती काही बोलणार, एवढ्यात बाहेरून भाऊंचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. भाऊ ओरडत नसत. हद्दीचा दगड हललेला दिसला की मोजणीदार जसं म्हणतो, तसं ते म्हणाले, "हे काय झालं?"

आम्ही बाहेर धावलो.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला सुरकुत्या पडत होत्या. पडल्या नव्हत्या, आमच्या डोळ्यांसमोर पडत होत्या. तापल्या दुधावर साय धरावी आणि कोणीतरी फुंकर मारावी, तसं ते पॉलिश गोळा होत, सरकत, उचलत होतं. खालचा सीलर मऊ पडून वर येत होता. एका ठिकाणी फोड आला आणि टपकन बसला. बाबल मिस्त्री फडकं हातात धरून उभे होते.

"बाबल," भाऊ म्हणाले, "काय केलंस?"

"मी काय एक करूक नाय, भाऊ. ह्येंच्या पॉलिशचो हात मारलंय. धा मिंटात ह्या असा."

"सीलर कसला मारला होतास?"

"आपलो नेहमीचोच. बाजारातसून आणलेलो. लाकरच्या जातीचो."

लाकरच्या जातीचो! तेव्हा माझ्या डोक्यात कुठंतरी, दुसऱ्या वर्गाच्याही खाली, एक दिवा लागला. लॅकरच्या सीलरवर पीयूचा जहाल थिनर पडला, की सीलर विरघळून वर उठतो. पुस्तकात होतं ते. पान डावीकडचं होतं, एवढंही आठवलं.

"मग आधी विचारायचं नाही कंपनीला?" भाऊ म्हणाले. "हे इथं उभे आहेत. नवा माल, माहिती नाही, तर विचारायला काय झालं होतं?"

"इचारलंय मी!" बाबल मिस्त्रींचा आवाज फुटला. "ह्या दोघांचा गोत्र एक आसा काय, असा सरळ इचारलंय. ह्येनीच माका सांगितल्यानी, एकच आसा म्हणान!"

दारावरच्या सुरकुत्या तेवढ्या पसरत होत्या.

मला सगळं कळलं. हयसरचा आणि कोल्हापूरचा. वासार कळता. लावून टाकतंय. सगळं एकदम आणि उलट्या क्रमानं कळलं. वृंदालाही कळलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी नेला.

भाऊंना मात्र कळलं नव्हतं, किंवा तसं दिसलं. "सीलरला गोत्र असतं?" ते म्हणाले. "स्वतःची चूक झाकायला काय वाट्टेल ते बोलू नकोस, बाबल. शुक्रवारी शंभर माणसं या दारातून आत येणार. आणि एवढे शिकलेले गृहस्थ तुझ्याशी डब्यांच्या गोत्राबद्दल बोलतील? उद्यापासून येऊ नकोस. सुताराला सांगून मी दुसरा माणूस बघतो."

बाबल मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्यात राग नव्हता, गोंधळ होता. आपण मघाशी जे ऐकलं ते खरंच ऐकलं होतं का, असं ते मला विचारत होते. मग ते वाकून आपले ब्रश गोळा करायला लागले.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प राहिलो तर चूक मिस्त्रींची, आणि शुक्रवारचा मठ्ठा शाबूत. बोललो तर ते गोत्र कोणाचं होतं हे सांगावं लागणार. मी वृंदाकडं बघितलं. तिनं पदर तोंडावरून काढला आणि भुवया उचलल्या. म्हणजे काय, ते मला आजही नीट माहीत नाही. ती म्हणते, "बोल" असा अर्थ होता. मला तो "खोक" असा वाटला होता.

मी खोकलो. आणि मग म्हणालो, "त्यांनी विचारलं होतं, भाऊ. चूक माझी."

"म्हणजे?"

"ते डब्यांचं गोत्र विचारत होते. मला वाटलं... दुसऱ्या दोघांचं विचारतायत."

"कुठल्या दोघांचं?"

"माझं आणि वृंदाचं. मी गांगल. शांडिल्य."

माघातलं ऊन होतं, पण माझे कान मे महिन्यातले झाले होते. आत परात आपटायची थांबली. बाबल मिस्त्री हातात तीन ब्रश धरून अर्धवट वाकलेलेच राहिले.

भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"परवा तुमची पार्सलची पावती आली," ते म्हणाले. "वर स्वच्छ लिहिलंय, अ. गो. गांगल. ती काय इंग्रजीत नव्हती."

"म्हणजे तुम्हांला..."

"आणि एका दारासाठी कुठलीही कंपनी कोल्हापूरहून माणूस पाठवत नाही. तेवढी मोजदाद मला येते. आल्यापासून मी बघतोय, तुम्ही स्वतःहून सांगता, की खोकत खोकतच शुक्रवार गाठता."

"भाऊ, सांगायचं मीच नको म्हटलं होतं," वृंदा म्हणाली.

"तेही दिसत होतं." ते दाराजवळ गेले. एका सुरकुतीवर बोट टेकवून त्यांनी ते नाकाशी नेलं. "माझं धर्मशास्त्राशी काही भांडण नाही. पण एकतीस वर्षं मी भाऊबंदांचेच बांध मोजलेत. परक्यांचे तंटे तालुक्याला मिटतात. एका गोत्राचे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. म्हणून माझं मन घेत नाही, एवढंच." मग त्यांनी मान वळवली. "बाबल, तू मघाशी गोत्र विचारलंस, ते कशाला? एक गोत्र असलं तर काय होतं?"

बाबल मिस्त्री सावधपणे उभे राहिले. आता कोणत्या दोघांबद्दल बोलणं चाललंय, याचा त्यांना बिलकूल भरवसा उरला नव्हता.

"टिकता, भाऊ," ते म्हणाले. "लाकरखाली लाकरचो सीलर, पीयूखाली पीयूचो. एकमेकांत मुरतत. मगे उन येवंदे, पाणी येवंदे."

"आणि वेगळं असलं तर?"

मिस्त्रींनी दाराकडं हात केला.

"मी कौशिक, हे शांडिल्य!" आतून वृंदाच्या आईंचा आवाज आला. "तीस वर्षं झाली. मला ते दार बघायला बाहेर यायची गरज नाही."

भाऊ हसले नाहीत. पण त्यांच्या मिशीच्या डाव्या टोकाची हद्द थोडी सरकली, हे मी बघितलं.

"दार वाचेल?" त्यांनी विचारलं.

"वाचता तर!" मिस्त्री म्हणाले. त्यांचे हात एकदम सुटले. "ह्या सगळा खरवडूचा, कोरा लाकूड काढूचा. मगे पयलो हात पीयूचोच, पातळ करून. तोच सीलर, तोच पॉलिश. बापूस तोच, झील तोच. बेस्तरवारी सांजेक उभा करून देतंय."

"उद्या किती वाजता येतोस?"

"सातांक."

"ये." भाऊ माझ्याकडं वळले. मी ताठ उभा राहिलो. "आणि गांगल, तुमच्या बाबतीत एक तोड निघते. वृंदाच्या मामाचं गोत्र वेगळं आहे. मुलगी विधीपुरती त्याला दत्तक द्यायची, कन्यादान त्यानं करायचं. गोत्र बदललं, अडचण संपली. आमच्या खात्यात याला फेरफार म्हणतात."

वृंदानं माझा हात धरला. सगळ्यांसमोर. मला काहीतरी मोठं, जन्मभर लक्षात राहील असं बोलायचं होतं, म्हणून मी श्वास घेतला.

"भाऊ, तसा करू नकात!" बाबल मिस्त्री कळवळून पुढं आले. "सोन्यासारखा एक गोत्र आसा. ता कित्याक बदलतास? वर्सभरात सालां निघतली!"

त्यांना समजावायला भाऊ, वृंदा आणि मी तिघंही एकदम बोलायला लागलो. विधीपुरतं म्हणजे काय, खरं गोत्र खालीच राहतं, वरून फक्त एक हात. मिस्त्री मान हलवत होते आणि त्यांना ते काही पटत नव्हतं. त्या गदारोळात वृंदाच्या आई पहिल्यांदाच बाहेर आल्या. दाराकडं त्यांनी बघितलंही नाही. हातातला पत्र्याचा डबा त्यांनी माझ्यापुढं धरला.

"अच्युत, तेवढं दळण आणतोस का रे? गिरणी बाराला बंद होते. आणि गव्हावरच टाक म्हणावं, नाचणीवर नको."